फामागुस्टाचे चरित्र

आमच्या घरी कोणत्याही रणगाड्याला ‘पॅटन’ म्हणत. त्याला कारणही होते. सप्टेंबर १९६५मध्ये पंजाबातील असल उत्तरच्या लढाईत पाकिस्तानचे अमेरिकी बनावटीचे पॅटन रणगाडे मोठ्या संख्येने निकामी झाले, कित्येक जसेच्या तसे हाती लागले आणि पुढे देशात ठिकठिकाणी चौथऱ्यांवर जाऊन बसले. वडिलांच्या पिढीचा हिशेब त्यामुळे सोपा होता. चौथऱ्यावर रणगाडा दिसला की तो शत्रूचा, आणि शत्रूचा म्हणजे पॅटन.

अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, हा हिशेब टिकत नाही. येथे १९४८पासून भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि १९९४मध्ये स्थापन झालेल्या रणगाडा संग्रहालयात निरनिराळ्या देशांचे रणगाडे शेजारी शेजारी उभे आहेत. काही जिंकून आणलेले, काही आपल्याच सैन्यातून निवृत्त झालेले. दोन-चार फेऱ्यांनंतर डोळ्यांना सवय होते. पॅटनच्या एम-४८ प्रकाराचा पुढचा भाग नावेच्या नाळेसारखा गोलसर असतो. ब्रिटिश सेंच्युरियनची चाके बाजूच्या लोखंडी पत्र्यांआड अर्धी झाकलेली असतात. खरी पंचाईत होते ती सोव्हिएत टी-५५ आणि चिनी टी-५९ यांच्यापाशी. १९७१च्या युद्धात पहिला आपल्याकडे होता, दुसरा पाकिस्तानकडे. दोघांचे घराणे एकच, त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला कोण कोणाच्या बाजूने लढला हे सांगता येणार नाही.

माझे कुतूहल मात्र एकाच रणगाड्यावर खिळले. याच लष्करी केंद्राने जतन केलेला तो सेंच्युरियन. नाव ‘फामागुस्टा’, क्रमांक जेएक्स २०२. सायप्रस बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदराचे हे नाव. रणगाडा पूना हॉर्स या रेजिमेंटचा. तिचा उगम १८१७मध्ये, दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत, पेशवे आणि इंग्रज यांच्यातील तहानुसार उभारलेल्या घोडदळात सापडतो. घोडे गेले, रणगाडे आले; ‘हॉर्स’ तेवढा नावात राहिला.

१६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगड भागात, बसंतर नदीपलीकडे, सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल या रणगाड्यात होते. जन्म पुण्याचा, वय २१, कमिशन मिळून जेमतेम सहा महिने झालेले. रणगाड्याने पेट घेतला तेव्हा तो सोडून देण्याचा आदेश आला. तोफ अजून चालते आहे, असे कळवून ते लढत राहिले आणि पुढच्या माऱ्यात धारातीर्थी पडले. त्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. खेत्रपालांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

इथपर्यंतची हकिगत बहुतेकांना ठाऊक असते. घोळ आकड्यांपासून सुरू होतो. ‘या एका रणगाड्याने दहा पॅटन उडवले’ हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून, अभिमानाने उच्चारलेले, ऐकले आहे. परमवीर चक्राच्या सन्मानपत्रातील मजकूर अधिक मोजूनमापून लिहिलेला आहे. त्या चकमकीत शत्रूचे दहा रणगाडे नष्ट झाले, त्यांपैकी चार खेत्रपालांनी स्वतः नष्ट केले, असे ते सांगते. उरलेले सहा त्यांच्या बाजूने लढणाऱ्या इतर रणगाड्यांच्या खात्यावरचे. दहाचा आकडा एकाच्या नावे लिहिल्याने चारांचा पराक्रम काही वाढत नाही. त्या सहांमागची माणसे मात्र पुसली जातात. आणि २१ वर्षांच्या मुलाने पेटलेल्या रणगाड्यातून केलेल्या कामगिरीला वाढीव आकड्याची गरज भासावी, हेच मला खटकते. शिवाय सेंच्युरियन एकट्याने चालवता येत नाही. कमांडर, गनर, लोडर आणि चालक अशा चौघांचे ते अरुंद घर. मराठीच्या अभ्यासकांनी हवे तर असे म्हणावे की, ‘खेत्रपालांनी रणगाडा उडवला’ या वाक्याचा कर्ता व्याकरणात एक आहे, रणांगणावर चार.

या चरित्राचे एक पान सरहद्दीपलीकडचे आहे. २००१मध्ये अरुणचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, वयाच्या ८१व्या वर्षी आपले जन्मगाव सरगोधा पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले. लाहोरमध्ये त्यांचा पाहुणचार ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर यांनी केला. आदरातिथ्यात कसलीही कसर नव्हती. परतीच्या आदल्या रात्री यजमानांनी सांगितले की, बसंतरच्या त्या सकाळी समोरच्या रणगाड्यात आपण होतो आणि अरुण आपल्या हातून मारला गेला. तीस वर्षे वडिलांना अर्धाच ठाऊक असलेला तो प्रसंग त्यांनी त्या घरी, पाहुणा म्हणून बसून, ऐकून घेतला.