शोकेसमधला जागल्या

रात्री कुणीतरी रिमोटचं लाल बटण दाबतं, टीव्ही काळा होतो आणि घराला वाटतं, सेट-टॉप बॉक्सही झोपला. तो फक्त दिवा बदलतो, हिरव्याचा लाल. अंग तसंच कोमट. पहाटे हात लावून बघा. घरातल्या मांजराला हे केव्हाच कळलेलं असतं.

एकेकाळी त्याचा थाट होता. 2012च्या अखेरीस मुंबईत केबल डिजिटल झाली, याच्यावाचून मालिका दिसेनात, तेव्हा तो थेट टीव्हीच्या डोक्यावर बसायचा. पुढे टीव्ही सडपातळ होऊन भिंतीला चिकटले आणि याची रवानगी शोकेसच्या खालच्या कप्प्यात झाली, क्रोशाच्या रुमालाखाली.

तिथे रात्रभर करतो काय? निरोप ऐकतो. कुणाचं पॅक संपलं, कुठलं चॅनेल चालू करायचं, नवं सॉफ्टवेअर आलं का. नुसती रिमोटची वाट बघायला अर्धा वॅट पुरतो. युरोपात 2013पासून साध्या स्टँडबायला तेवढीच मुभा आहे. आपला जुना गडी जागेपणी 10-12 वॅट घेतो आणि झोपेचं सोंग घेतल्यावरही जवळपास तेवढेच. 10 वॅट धरले तरी दिवसाला पाव युनिट, वर्षाला 87-88. समोरचा 32 इंची टीव्ही 40 वॅटचा असेल आणि चार तास चालला, तर दिवसाचं पाव युनिटही होत नाही. बिल आलं की बोलणी मात्र टीव्हीला. याच्याकडे कुणी बघतही नाही.

मला त्याचा राग येत नाही. ज्यांनी तो बनवून घेतला आणि घरोघर बसवला, त्यांना त्याचं वीजबिल येत नाही. ते येतं आपल्याला. मग त्याला नीट झोपायला शिकवण्यावर पैसे कोण घालणार?

उपाय आहे, आणि आपल्याकडे तो सोपाही आहे: प्लगशेजारचं बटण. पण ते नेमकं शोकेसच्या मागे. शिवाय मुळापासून बंद केलेला हा गृहस्थ सकाळी चटकन उठत नाही. आधी कंपनीचं चित्र, मग गोल फिरणारं चक्र, मग ‘कृपया प्रतीक्षा करा’. तोवर आजोबांच्या सातच्या ठळक बातम्या संपलेल्या असतात. त्यामुळे आमच्याकडे त्या बटणावर चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर आजोबांच्या वळणदार अक्षरात: ‘हात लावू नये’.