धाकटीला सालामांकाला पोचवताना

मैत्रिणींनो, मुलगी सासरी निघाली की बरोबर काय काय द्यायचं याची यादी आपल्यापैकी प्रत्येकीला तोंडपाठ असते. पण मुलगी शिकायला परदेशी निघाली, आणि तेही इंग्रजी फारसं न चालणाऱ्या गावी, तर काय द्यायचं? आमच्या माहेरी सप्टेंबर २०२४ मध्ये हा प्रश्न पडला, आणि आईनं त्याचं उत्तर ‘मेतकूट, भाजणी आणि मोठी बहीण’ असं दिलं.

धाकटी माझ्याहून दहा वर्षांनी लहान. पुण्यात राहून स्पॅनिश शिकली आणि स्पेनमधल्या सालामांका विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला. परक्या लोकांना स्पॅनिश कसं शिकवावं, याचा अभ्यासक्रम. वडील नाहीत, आईचे गुडघे धरलेले. ‘पहिले आठ-दहा दिवस मोठीनं सोबत राहावं,’ हा आईचा हट्ट. ह्यांनी लगेच ‘जा’ म्हटलं, सासूबाईंनी चिरंजीवांना सांभाळायचं कबूल केलं आणि शाळेतले माझे अर्ध्या दिवसाचे तास दुसऱ्या बाईंनी घेतले. तिकिटाला माझे शाळेचे साठवलेले पैसे घातले. धाकटीच्या फीसाठी आईच्या पाटल्या आधीच गेल्या होत्या. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचे नऊ दिवस त्या पाटल्या माझ्या डोळ्यांपुढून हलल्या नाहीत.

मुंबईहून वाटेत एकदा विमान बदलून माद्रिदला उतरलो. तिथून सालामांका दोनशेवर किलोमीटर, बसनं अडीच-पावणेतीन तास. वाटेत कापणी झालेली पिवळी रानं आणि मधूनच एखादं ठेंगणं झाड. मला तर आपल्या माणदेशातून चालल्यासारखं वाटलं. मग एका वळणावर तोर्मेस नदी दिसली, तिच्यावरचा रोमन लोकांनी बांधलेला पूल दिसला आणि वर टेकाडावर कॅथीड्रलचे मनोरे. सारं गाव विल्यामायोर नावाच्या जवळच्याच गावच्या दगडाचं. उन्हं कलली की हा दगड हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखा दिसतो. १९८८ पासून जुनं गाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. मनात म्हटलं, धाकटीनं नशीब काढलं!

हे नशीब तासभरच टिकलं.

धाकटीनं निघण्याआधी इंटरनेटवर जाहिरात पाहून एक खोली ठरवली होती. फोटो छान, भाडं महिना ३५० युरो. घरमालक म्हणवणाऱ्यानं एका महिन्याचं भाडं आणि तेवढीच अनामत आधी मागितली, तीही तिनं पाठवली. ७०० युरो म्हणजे तेव्हाचे आपले साधारण ६५ हजार रुपये. पत्ता शोधत बॅगा ओढत गेलो, तर त्या दारावर दातांच्या डॉक्टरांची पाटी! आतल्या बाईंनी दोन्ही हात पसरून ‘इथं कुणी राहत नाही’ असं सांगितलं, ते मला भाषा न येताही कळलं. फोन लावला, तर नंबर बंद. रात्र एका स्वस्त हॉटेलात काढली. धाकटी भिंतीकडे तोंड करून निजली होती, आणि झोपली नव्हती हे मला कळत होतं.

तुम्ही म्हणाल, खोली काय, दुसरी मिळेल. पण तिथं साऱ्या गोष्टी खोलीवर अडतात. राहत्या पत्त्याची नोंद नगरपालिकेत करावी लागते. ती असली की पुढची सरकारी कामं सुरळीत होतात. सहा महिन्यांहून जास्त राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यानं देशात शिरल्यापासून महिन्याच्या आत ओळखपत्रासाठी अर्ज करायचा असतो, बोटांचे ठसे द्यायचे असतात. खोली नाही म्हणजे पत्ता नाही, पत्ता नाही म्हणजे पुढचं सगळं लोंबकळलेलं.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, ‘पोलिसात जाऊ.’ धाकटी म्हणाली, ‘ताई, मला बोलता येणार नाही.’ मी थक्क झाले. इतक्या परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेली ही मुलगी! पण खरंच तिची वाचा बसली होती. हॉटेलात साधं पाणी मागताना ती अडखळली होती. पुस्तकातली भाषा सावकाश चालते, तिथली माणसं तर लाह्या फुटाव्यात तशी बोलतात. एरवी मी पुढे झाले असते. बँकेत, शाळेत, दवाखान्यात तिच्यासाठी मीच बोलत आले. इथं मात्र मी मुकी. शेवटी तिचं तिलाच बोलावं लागलं. तासभर ती हवालदाराच्या टेबलासमोर बसून चुकत, थांबत, पुन्हा सांगत राहिली. तक्रार नोंदवून घेतली गेली. पैसे काही मिळाले नाहीत, आजतागायत नाहीत. पण बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘त्यांनी मला एकदाच सुधारलं, ताई.’ तिची पहिली तोंडी परीक्षा अशी पोलीस ठाण्यात झाली.

मला मात्र धीर नव्हता. त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, ‘माझ्याबरोबर परत चल. पुढच्या वर्षी बघू.’ तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. ‘ताई, तू मला पोचवायला आलीस की न्यायला?’

मैत्रिणींनो, त्या प्रश्नानं मी गप्प झाले. बी.ए. झाल्यावर मलाही पुण्याला एम.ए.ला जायचं होतं. ‘पुढच्या वर्षी बघू,’ असं तेव्हा मलाही कुणीतरी प्रेमानंच म्हटलं होतं. ते पुढचं वर्ष कधी आलंच नाही. संसार चांगला झाला, तक्रार नाही. पण तेच वाक्य माझ्या तोंडून निघालेलं मला ऐकवलं नाही.

मग आम्ही खोली शोधायला लागलो. विद्यापीठातल्या फळ्यांवर हातानं लिहिलेल्या जाहिराती असतात. खाली फोन नंबराच्या चिठ्ठ्या झालरीसारख्या कातरलेल्या, हवी ती फाडून घ्यायची. धाकटी फोन करी, मी शेजारी वही धरून बसे. पहिल्या फोनला तिनं घाबरून तोडलंच. तिसऱ्याला खोली गेलेली होती. पाचव्याला एक म्हातारा आवाज आला. धाकटीनं दोनदा माफी मागितली, तेव्हा तो आवाज म्हणाला, ‘सावकाश बोल, इखा.’ इखा म्हणजे मुली. तिथल्या वयस्क बायका अनोळखी पोरीलाही असं म्हणतात. भेट ठरली प्लाथा मायोरमध्ये, घड्याळाखाली. सालामांकात कुणीही कुणाला भेटायचं तर तिथंच.

हा चौक पाहावाच असा आहे. १७२९ ते १७५५ या काळात बांधलेला, चारी बाजूंनी कमानींचे सोपे आणि मध्ये मोकळं फरसबंद अंगण. एखाद्या भल्या मोठ्या वाड्याचा चौक म्हणा ना! संध्याकाळी सारं गाव तिथं येतं. दुपारी दोन ते पाच बहुतेक दुकानं बंद, जेवण दोन-तीनला आणि रात्रीचं नऊ-दहाला. सप्टेंबरात आठ वाजेपर्यंत उजेड. रात्री अकरालाही नीटनेटक्या आजीबाया एकमेकींच्या हातात हात घालून फिरताना दिसतात. ते पाहून जिवाला जरा बरं वाटलं.

आमच्या आजीबाई अशाच निघाल्या. यजमान वारलेले, मुलं माद्रिदला, दोन खोल्या मुलींना भाड्यानं देतात. खोली आधी दाखवली, मग कागद केला, अनामतीची पावती दिली. एवढंच नाही, मीही जाईपर्यंत तिथंच राहावं असा आग्रह केला.

खाण्याची पंचाईत होतीच. आम्ही अंडं खातो, मांस नाही. एका खानावळीत ‘मांसाशिवाय’ असं सांगून मागवलेल्या भाजीत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे आले. ते म्हणजे हामोन, आणि तिथल्या पुष्कळ लोकांच्या मते ते मांसात धरायचंच नसतं! पण तोर्तिया मात्र आपली वाटली. बटाट्याच्या काचऱ्या ऑलिव्हच्या तेलात शिजवून, फेटलेल्या अंड्यात घालून केलेलं जाड धिरडंच ते. जवळच्या ला आर्मुन्या भागातली मसूर साऱ्या स्पेनमध्ये नावाजलेली. एके दिवशी मी आजीबाईंच्या प्रेशर कुकरमध्ये तिचं वरण केलं. हिंगाची फोडणी बसताच त्यांनी धावत जाऊन खिडकी उघडली. मग दोनदा वाढून घेतलं.

त्या आणि मी बोलायचो कशा, ते ऐका. धाकटी बाहेर गेली की आम्ही दोघी स्वयंपाकघरात. त्यांनी बटाटा उचलून म्हटलं, ‘पाताता.’ मी म्हटलं, ‘बटाटा.’ पाव दाखवला, त्या म्हणाल्या ‘पान’. साबणाला ‘खाबोन’, सदऱ्याला ‘कामिसा’, म्हणजे आपला जुना खमीस! धाकटीनं नंतर उलगडा केला, की गोव्याकडून पोर्तुगीज शब्द मराठीत आले आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी शेजारीण. आपला ‘पगार’सुद्धा तसाच. स्पॅनिशमध्ये ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणं. हॉटेलात मी ऐटीत ‘पागार’ म्हटलं आणि बिल आलं!

विद्यापीठ १२१८ सालचं. त्याच्या कोरीव दर्शनी भिंतीवर एका कवटीवर बसलेला इवलासा बेडूक आहे. जो विद्यार्थी तो स्वतः शोधील तो पास होतो, असं म्हणतात. मला एका पोरीनं बोट करून दाखवला, म्हणजे मी नापासच. धाकटीनं तेव्हा चक्क डोळे मिटून घेतले. ‘माझा मी शोधीन,’ म्हणाली. आत फ्राय लुईस दे लेओन यांचा वर्ग जुन्या ओबडधोबड बाकांसकट राखून ठेवलाय. ते इथले प्राध्यापक, धर्मसत्तेच्या रोषानं १५७२ पासून जवळजवळ पाच वर्षं तुरुंगात होते. सुटून आल्यावर जणू काल तास संपला होता अशा थाटात त्यांनी पुन्हा शिकवायला सुरुवात केली, अशी दंतकथा आहे. माझ्या मनात मात्र दुसरंच राहिलं. पंधराव्या शतकात सालामांकात जन्मलेल्या बेआत्रिथ गालिन्दो या बाई राणी इसाबेलला लॅटिन शिकवायच्या. तरीही सर्वसाधारण मुलींना खास परवानगीशिवाय स्पेनच्या विद्यापीठांत नाव घालता यायला १९१० साल उजाडावं लागलं. त्या बाकांपुढे उभी असलेली धाकटी मला एकदम मोठी दिसली.

आता आपल्यापैकी कुणाची लेक अशी निघणार असेल, तर चार गोष्टी सांगते. खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक पैसा पाठवू नका. पहिला आठवडा वसतिगृहात किंवा हॉटेलात काढलेला परवडतो. सगळ्या कागदांच्या तीन-तीन प्रती द्या. तूप, पेढे देऊ नका, दुधाचे पदार्थ तिथं आत नेऊ देत नाहीत. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, हिंग नीट बंद करून द्या. गाव समुद्रसपाटीपासून आठशे मीटर उंच, हिवाळा कडक, तेव्हा लोकरीचं हवंच. रविवारी दुकानं बहुतेक बंद, शनिवारीच भाजी भरून ठेवायची. आणि मुलगी फोनवर रडली तर ‘परत ये’ हे पहिलं वाक्य नसावं.

आईला पैशांचं आम्ही चार दिवस सांगितलं नाही. सांगायची वेळ आली ती अशी. आजीबाईंना टपालाच्या पेटीवर धाकटीचं नाव लावायचं होतं. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं, एक वडिलांचं, एक आईचं. लग्नानंतर बायका आपली आडनावं बदलत नाहीत. आजीबाईंनी विचारलं, ‘दुसरं आडनाव?’ आईचं माहेरचं आडनाव उच्चारून धाकटी थबकली, आणि तिनं तिथूनच आईला फोन लावला. आपल्याकडे साडेपाच वाजले होते. आधी पेटीचं सांगितलं, मग फसल्याचं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘पाटल्या मोडल्या त्या तुला तिथं राहता यावं म्हणून. राहायला मिळालं ना? मग झालं.’ आणि जरा थांबून, ‘पेटीचा फोटो पाठव गं. माझं आडनाव नीट लिहिलंय ना, बघू दे.’

नवव्या दिवशी पहाटे धाकटी मला बसपर्यंत सोडायला आली. माझं तिकीट तिनंच काढलं, बस कुठं थांबते ते तिनंच चालकाला विचारलं. मी खिडकीशी बसले. ती खालून म्हणाली, ‘ताई, माद्रिदला पोचलीस की फोन कर. आणि कुणी काही विचारलं तर घाबरू नकोस, मला लाव, मी बोलते.’