भवानीनगरचा कोपरारक्षक

बारामती हे नाव सुशिक्षित वाचकांच्या कानांवर प्रथम पडते ते बहुधा मोरोपंतांमुळे. आर्येचा हा महाकवी (१७२९–१७९४) तेथेच राहिला आणि तेथेच त्याने आपली विपुल रचना केली. परंतु बारामती मागे टाकून इंदापूरच्या रस्त्याला लागले, की पंतांची आर्या मागे राहते आणि तुकोबांचा अभंग सोबतीला येतो. आषाढीसाठी देहूहून निघालेली पालखी याच वाटेने पंढरपुरास जाते. काटेवाडीस पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, आणि पुढे बेलवाडीस अश्वाचे गोल रिंगण पाहण्यास पंचक्रोशी लोटते. या दोन रिंगणांच्या मध्ये, सणसर गावाला लागून, भवानीनगर वसले आहे.

वसले आहे असे आम्ही म्हणतो खरे. वस्तुतः ते वसविले गेले आहे. हा सारा मुलूख मूळचा अवर्षणाचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नीरा डावा कालवा निघाला आणि ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस डोलू लागला. जवळच वालचंदनगर येथे शेठ वालचंद हिराचंद यांनी विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात एका उद्योगपतीच्या बळावर साखरेचा कारखाना उभारला. पुढे त्याच शतकाच्या सहाव्या दशकात शेतकऱ्यांनी आपापले भाग गोळा करून श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि त्याच्या धुराड्याभोवती कचेऱ्या, शाळा, चाळी, दुकाने असे जे गोकुळ जमले तेच हे भवानीनगर. अशा स्थळी प्राचीन देवालय किंवा शिलालेख शोधणारा प्रवासी निराश होईल. येथील प्रेक्षणीय वस्तू म्हणजे येथील माणसे. आणि ती पाहावयाची तर सायंकाळी मैदानावर.

आमच्या एका आप्तांकडे हिवाळ्यात चार दिवस राहण्याचा योग आला. गाळपाचा हंगाम ऐन भरात होता. उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा वजनकाट्याकडे सरकत होत्या, आणि मळीचा गोडसर, किंचित आंबूस वास हवेत दाटला होता. दिवेलागणीस आप्त म्हणाले, “चला, आमची संसद पाहून येऊ.” ही संसद म्हणजे कबड्डीच्या मैदानाशेजारच्या चहाच्या टपरीवर भरणारी दहा-बारा असामींची बैठक. कोणी निवृत्त कामगार, कोणी बागायतदार, कोणी केशकर्तनालयाचा मालक, तर कोणी कॉलेजात जाणारा तरुण. त्या आठवड्यात संसदेपुढे विषय एकच होता: आपला उजवा कोपरारक्षक जिल्ह्याच्या संघात निवडला जाईल की नाही?

मुलगा कुमार गटातला; पण त्या गटात खेळण्याचे त्याचे हे अखेरचे वर्ष होते. जिल्हा अजिंक्यपद स्पर्धेतील त्याचा खेळ पाहून निवड समितीने त्याला सराव शिबिरासाठी बोलावले होते. शिबिराच्या अखेरीस अंतिम संघ निवडला जावयाचा होता. या पायरीवर पाय ठरला तर राज्य स्पर्धा, पुढे कदाचित राष्ट्रीय. चुकला तर पुढील वर्षापासून थेट खुल्या गटातील कसलेल्या गड्यांशी गाठ. वडील हंगामात दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर चालक, थोरल्या बहिणीचे लग्न नुकतेच झालेले, आणि त्या लग्नाचे कर्ज फिटावयाचे होते. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेवलेल्या असतात हे त्या टपरीवरील प्रत्येकाला मुखोद्गत होते. तेव्हा ही चर्चा केवळ रिकामटेकड्यांची करमणूक नव्हती. एका कुटुंबाचे भवितव्य तीत गुंतले होते.

ज्या वाचकांनी हुतूतू फक्त अंगणात खेळला असेल त्यांच्यासाठी येथे दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. मातीतल्या या खेळाला नियमांची शिस्त लावण्याचा उद्योग प्रथम महाराष्ट्रीयांनीच आरंभिला, आणि १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम ठरवून स्पर्धा भरविल्या. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याचे प्रात्यक्षिक दाखविले, आणि १९९० साली बीजिंग येथे तो आशियाई क्रीडास्पर्धांत दाखल झाला. संघात सात गडी. चढाई करणारा एकटा प्रतिपक्षाच्या अंगणात शिरतो आणि सारे डोळे त्याच्यावर खिळतात. त्याला धरावयाचे काम ज्यांचे, त्यांतील दोघे दोन टोकांना उभे राहतात ते कोपरारक्षक, आणि आतल्या बाजूचे मध्यरक्षक. कोपरारक्षकाने चढाईपटूचा पाय जमिनीवर टेकताच चवडा धरावयाचा, आणि तो उसळी मारून मध्यरेषेकडे झेपावण्याच्या आत मध्यरक्षकाने येऊन त्याला आडवे व्हावयाचे. क्षणार्ध आधी हात घातला तर हाताचा स्पर्श देऊन गडी निसटतो. क्षणार्ध उशीर झाला तर धरावयास पायच उरत नाही.

संसदेत या क्षणार्धावरूनच दोन पक्ष पडले होते. कॉलेजातील तरुणाचा आक्षेप असा, की मुलगा फार थांबतो. “निवड करणारे काय बघतात? किती पकडी केल्या ते. हा पठ्ठ्या अख्ख्या सामन्यात तीन पकडी करतो. तिकडं दुसऱ्या टोकाचा सात-सात धरतोय!”

यावर केशकर्तनालयाचे मालक म्हणाले, “आन् दुसऱ्या टोकाचा बाद किती वेळा झाला, ते बी सांग की.”

तरुण गप्प बसला नाही. “ते कागदावर येतं का पण?”

ज्यांना सारे आबा म्हणत ते वृद्ध बागायतदार तोवर बशीतला चहा निवांतपणे पीत होते. बशी खाली ठेवून ते आमच्याकडे वळले. “पाव्हणं, तुमीच सांगा. ऊस पिकला का न्हाई ते कसं बगत्यात? एका पेराचा रस काढून? न्हाई. बुडाचा बगायचा, मधला बगायचा, शेंड्याचा बगायचा, मग तोड द्यायची. आन् ह्या पोराला एका सांजंला बगून ह्यो ठरवनार!”

आबांच्या या दृष्टांतात शास्त्र होते. रसातील साखरेचे प्रमाण हातातल्या छोट्या यंत्राने मोजतात तेव्हा बुडखा आणि शेंडा यांतील अंतर किती उरले यावरूनच उसाची पक्वता कळते. नीरेच्या खोऱ्यातच पाडेगाव येथे १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. तेथे एखादा नवा वाण शेतकऱ्याच्या हाती देण्यापूर्वी त्याची वर्षानुवर्षे पारख होते; लागणीत तो कसा येतो एवढेच नव्हे, तर तोडल्यानंतर खोडव्यात कसा फुटतो हेही पाहतात. आमच्या आप्तांनी हे सांगताच आबांनी मान डोलावली. “खोडवा बगायचा म्हंजे हरल्यावर बगायचं. मी ह्या पोराला चौदा गुणांनी हरताना बगितलाय. शेवटच्या मिनटाला बी जागा सोडली न्हाई त्यानं.”

दुसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही मुद्दाम मैदानावर जाऊन बसलो आणि फक्त त्या उजव्या कोपऱ्याकडे पाहण्याचे ठरविले. हे ठरविणे सोपे, पाळणे कठीण. डोळा पुनःपुन्हा चढाई करणाराच्या मागे धावतो. तथापि अर्ध्या तासात एक गोष्ट लक्षात येऊ लागली. प्रतिपक्षाचे चढाईपटू हळूहळू उजवीकडे येईनासे झाले. मुलगा काहीच करीत नव्हता. गुडघ्यात किंचित वाकून, सोबत्याच्या हातात हात गुंफून, अर्धे पाऊल पुढे, अर्धे मागे, इतकाच त्याचा व्यवहार. पण गडी येई, त्या टोकाकडे पाही, आणि निदान रेषा ओलांडून रिकाम्या हाताने परत फिरे. हल्लीच्या नियमाप्रमाणे लागोपाठ दोन चढाया अशा निष्फळ गेल्या, की तिसरीत गुण आणलाच पाहिजे. नाही तर चढाई करणारा बाद. त्या तिसऱ्या चढाईस आलेल्या गड्याला जिवावर उदार होऊन डावीकडे घुसणे भाग पडे, आणि तेथे त्याची पकड होई. टाळी डाव्या टोकाला मिळे, गुणही तिकडेच लिहिला जाई. ज्याच्या भीतीने पहिल्या दोन चढाया फुकट गेल्या त्याच्या नावापुढे शून्य! तरुणाचा प्रश्न रास्त होता. हे कागदावर येत नाही.

रक्षकाची ही उपेक्षा फक्त आपल्याच मातीतली नव्हे. फुटबॉलचे वेड कोल्हापुरात पेठापेठांतून, तालमीतालमींतून मुरलेले आहे. पण शाहू स्टेडियमवर भांडणे होतात ती बहुधा गोल कोणी मारला यावरून. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतीय संघात खेळून घराघरांत पोहोचलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव हाही आघाडीचाच खेळाडू. युरोपात उत्कृष्ट फुटबॉलपटूला १९५६ पासून सोन्याचा चेंडू देतात. इतक्या वर्षांत तो बचावपटूंपैकी बेकेनबाउअर, झामर आणि कान्नाव्हारो या तिघांच्याच हाती गेला. उलट कबड्डीत जगाचे डोळे अलीकडे थोडे उघडले आहेत. सलग सात आशियाई सुवर्णपदके मिळविणाऱ्या भारताच्या पुरुष संघाला २०१८ साली जाकार्ता येथे इराणने उपांत्य सामन्यात २७-१८ असे हरविले. अवघे अठरा गुण मिळू देणारा तो बचाव आपल्या लोकांनी तोंडात बोट घालून पाहिला. पुढे २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने डाव्या कोपऱ्यावर खेळणाऱ्या मोहम्मदरेझा शादलूई या इराणी खेळाडूसाठी २ कोटी ३५ लक्ष रुपये मोजले, आणि त्याच हंगामात, मार्च २०२४ मध्ये, पलटणने अजिंक्यपद पटकाविले. टपरीवर हा आकडा अर्थातच रोज उच्चारला जाई.

परंतु खरी अडचण याहून खोल होती, आणि ती आम्हांस त्या मुलाच्याच तोंडून कळली. सराव संपल्यावर तो टपरीशी आला. चहा नको म्हणाला, कारण वजनाची मर्यादा सांभाळावयाची होती. “कारखान्याच्या काट्यावर घालू या का तुला?” असे कोणी म्हणताच सारे हसले, तोही हसला. आम्ही विचारले, शिबिराची भीती वाटते काय? त्याने थोडा वेळ विचार केला. “चढाईवाल्याचं बरं असतं, काका. तो एकटाच जातो, एकटाच दाखवतो. मी चवडा धरला आणि शेजारचा आलाच नाही, तर माझी चूक दिसते. इथं तो येणार हे मला न बघता कळतं. तिथं शेजारी कोण असंल?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. चढाईपटूची परीक्षा एकट्याने घेता येते, रक्षकाची नाही. त्याचे धैर्य हा अर्धा त्याचा गुण, आणि अर्धा शेजाऱ्यावरील त्याचा विश्वास. शिबिरात निरनिराळ्या गावांची मुले एकत्र आणून हंगामी संघ पाडतात. तेथे तो विश्वास आयता कोठून आणावा? मग पोरे थांबणे सोडून देतात, निवड करणारांच्या नजरेत भरावे म्हणून भलत्या वेळी हात घालतात, आणि ज्या गुणामुळे बोलावणे आले तोच गुण दाराबाहेर ठेवून आत जातात. निवड समितीचीही यात कुचंबणाच होते. तिच्यापाशी दिवस मोजके आणि मुले पुष्कळ.

त्या रात्री संसदेचे कामकाज निराळ्याच वळणावर गेले. प्रथमच कोणी त्याची स्तुती केली नाही की उणे काढले नाही. केशकर्तनालयाच्या मालकांनी सुचविले, की पोराने शिबिरात पहिल्याच दिवशी आपल्या शेजारी उभ्या राहणाऱ्या मुलाशी दोस्ती करावी. जेवायला त्याच्याच पंगतीस बसावे. तरुण म्हणाला, “मी दोन दिवस त्याच्याबरोबर जातो. सामन्यानंतर कोणती चढाई रिकामी गेली आणि का गेली, ते लिहून ठेवतो. मागितलं तर दाखवता येईल.” ज्याने कागदाचा आग्रह धरला होता त्यानेच कागद भरण्याचे पत्करले. आबांनी खिशातून काही नोटा काढून मुलाच्या हाती ठेवल्या आणि एवढेच म्हणाले, “तितं बी थांबायचं. उगा धाव घ्यायची न्हाई.”

आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो. पंधरवड्याने आप्तांचा फोन आला. मुलाची निवड झाली होती, पण राखीव खेळाडू म्हणून. उजव्या कोपऱ्यावर पहिली पसंती दुसऱ्याच एका मुलाला मिळाली होती. टपरीवर पुन्हा दोन तट पडले आहेत असे कळले. एक म्हणतो अन्याय झाला, दुसरा म्हणतो दार किलकिले तर झाले. मुलगा मात्र दररोज सायंकाळी मैदानावर येतो, आणि आता त्या दुसऱ्या मुलाच्या खेळाची चित्रफीत पाहून, तो कोणत्या पायावर भार देतो हे शेजाऱ्याला समजावून सांगतो.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांची घरे भरलेली आहेत. अशा घरांत एखादी काकू, एखादी आजी, एखादा अबोल काका असा असतोच, की ज्याने काय केले हे सांगता येत नाही. केवळ त्याच्या असण्याने पुष्कळसे वाईट घडावयाचे राहून जाते. त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. ती ठेवावी लागते रोज पाहणाऱ्यांनी. भवानीनगरची ती दहा-बारा माणसे, चहाच्या बशीसमोर बसून, एका परक्याच्या मुलासाठी ती नोंद ठेवीत होती. दूरदर्शन संचावर कबड्डी लागेल तेव्हा वाचकांनी एक वेळ तरी चढाई करणाऱ्यावरून नजर काढून कोपऱ्याकडे पाहावे, एवढीच विनंती.