देठ कुठाय?

इकोच्या खोलीत भरदुपारीही अंधार असतो. पडदे ओढलेले, एसी जरा जास्तच, आणि जेलची बाटली कितीही जपून ठेवली तरी पहिल्या स्पर्शाला पेशंट दचकतोच. "डाव्या कुशीवर वळा, डावा हात डोक्याखाली घ्या," हे मी दिवसातून तीसेक वेळा म्हणते. त्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीशी येतं, फुप्फुस बाजूला सरकतं आणि बरगड्यांमधून बघायला वाट मिळते.

शिकाऊ होते तेव्हाची गोष्ट. चाळिशीतल्या एक ताई हे ऐकून म्हणाल्या, "मॅडम, डाव्या कुशीवर जीव घाबरतो. उजवीकडे बरं वाटतं." बाहेर बाकावर गर्दी होती. मी म्हटलं, "दोनच मिनिटं, ताई." चिठ्ठीवर लिहिलेलं होतं: धाप लागते, व्हॉल्व्ह आकसल्याची शंका. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन व्हॉल्व्ह खराब झालेल्या बायका आपल्याकडे इतक्या येतात, की अशी चिठ्ठी वाचली की हात आपसूक त्याच वाटेनं जातो.

डॉप्लर लावला. रक्त सेकंदाला दोन मीटर वेगानं धावत होतं. वेगाचा वर्ग गुणिले चार, म्हणजे दाबातला फरक १६ मिलिमीटर. जुळलं! डाव्या वरच्या कप्प्यात पांढुरका गोळा दिसला, तोही जुळला. आकसलेल्या व्हॉल्व्हच्या मागे रक्त साकळतं, गुठळी होते. मी 'गुठळी' असं लिहूनही टाकलं.

सर आले. आकड्यांकडे त्यांनी पाहिलंच नाही. डॉप्लर बंद करून नुसतं हलतं चित्र बघत बसले. मग म्हणाले, "व्हॉल्व्हचे पापुद्रे बघ."

पापुद्रे पातळ होते, पतंगाच्या कागदासारखे. संधिवाताचा व्हॉल्व्ह जाड होतो, कडांना चिकटतो, उघडताना गुडघ्यासारखा वाकतो. हा सताड उघडत होता.

"मग रक्त साकळेल कशाला?"

आता गोळा मला दिसला, म्हणजे खरा दिसला. व्हॉल्व्ह उघडला की तो खाली घरंगळत दारातच अडकायचा. खालचा कप्पा आवळला की पुन्हा वर. सरांनी ताईंना उताणं झोपवलं, प्रोब बरगड्यांखालून वर रोखला आणि विचारलं, "देठ कुठाय?"

देठ होता. दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यावर, गर्भातलं छिद्र बुजल्यावर जिथे खळी उरते, तिथे. मिक्सोमा. मोठ्या माणसांच्या हृदयातच उगवणाऱ्या गाठींत ही नेहमीची, आणि चारांतल्या तीन याच कप्प्यात. कॅन्सर नव्हे, पण तुकडा सुटून मेंदूत गेला तर लकवा. मी ताईंना रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर घरी धाडलं असतं.

डॉप्लर खोटं बोलला नव्हता. दार अडलंय एवढंच त्याला कळतं. बिजागरी गंजलीय की उंबऱ्यावर कुणी बसलंय, हे नाही.

गंमत म्हणजे या तपासणीचा जन्मच आकसलेल्या व्हॉल्व्हपायी झाला. १९५३ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे एडलर या डॉक्टरांना ऑपरेशनआधी तो व्हॉल्व्ह पारखायचा होता. हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञानं धातूतल्या भेगा शोधायचं ध्वनियंत्र जहाजांच्या कारखान्यातून आणलं, आणि दोघांनी ते छातीवर धरलं. पडद्यावर तेव्हा नुसत्या हलत्या रेघा. तरी १९५९ मध्ये जर्मनीत एफर्ट यांनी त्या रेघांमध्ये वरच्या कप्प्यातली गाठ ओळखली. त्याआधी ही गाठ बहुतेकदा शवविच्छेदनाच्या टेबलावरच भेटायची. रेघांवरून ओळखणारे ते, आणि अख्खं चित्र समोर असून चुकणारी मी!

दोन दिवसांत ऑपरेशन झालं. स्टीलच्या वाटीतली गाठ मी पाहिली. ताडगोळ्यासारखी लिबलिबीत, मधेमधे रक्ताचे काळपट ठिपके. देठासोबत पडद्याचा रुपयाएवढा तुकडाही काढला होता. मूळ राहिलं तर पुन्हा उगवते.

वर्षानं ताई तपासणीला आल्या. मी काही बोलायच्या आत डाव्या कुशीवर वळून हात डोक्याखाली घेतलाही. मी पडद्याच्या काढलेल्या तुकड्याच्या जागी लावलेल्या ठिगळाकडे बघत राहिले, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "तुमचं हे जेल फार गार असतं हो."