नेढं

‘सुईत दोरा ओवणाऱ्या पोरीला कसला चष्मा?’ हे वाक्य मी दोन वर्षं बायकोला, आईला, शाळेतल्या मॅडमना ऐकवत आलो. नरसीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. 1270 साली शिंप्याच्या घरी नामदेव महाराज इथं जन्मले, असं आम्ही मानतो. सुई-दोऱ्यावर पोट भरणाऱ्याला वाटतं, नजरेतलं आपल्याला कळतं.

मुलगी पहिलीत असताना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं होतं. डावा डोळा दाखवून घ्या, चष्मा लागेल, अशी चिठ्ठी त्यांनी दिली. मी ती मशीनच्या खणात टाकली. लहानपणी चष्मा लावला की नंबर वाढतच जातो, ही माझी पक्की समजूत. आणि तिच्याखाली आणखी एक, जी मी कुणापाशी बोललो नाही: मुलीची जात, उद्या स्थळ बघताना चष्मा आडवा येईल. सहा वर्षांच्या लेकराच्या नजरेपेक्षा मला तिचं लग्न मोठं वाटलं. त्याच वर्षी मला चाळिशी लागली, तर जत्रेतल्या पालावरून दोन मिनिटांत चष्मा घेऊन आलो. स्वतःसाठी विचार करावा लागला नाही.

गेल्या आषाढात, परतवारी एकादशीच्या आदल्या रात्री मी दिंडीच्या पताका शिवत बसलो होतो. दोरा तुटला की ती ओवून द्यायची. एरवी माझं लक्ष तिच्या बोटांवर असायचं. त्या रात्री तोंडाकडे गेलं. डावा डोळा घट्ट मिटलेला, मान कलती.

“डोळा का मिटतेस गं?”

“तो मधी येतो, बाबा.”

मला वाटलं, सुई ओवताना सगळेच मिटतात. तरी म्हटलं, आता दुसरा मिट. तिनं उजव्यावर तळहात ठेवला. दोरा सुईच्या बाजूनं गेला. पुन्हा गेला. तिनं टोक ओठांत ओलं केलं, पीळ दिला, परत लावलं. चौथ्या वेळी बोटं फाकवून उजव्या डोळ्यानं हळूच बघायला लागली, तेव्हा मी तिचा हात नीट दाबला. ती थांबली.

“बाबा, हिला नेढंच नाही.”

ती घाबरली नव्हती. सगळ्यांचाच एक डोळा असा असतो, असं तिला वाटत होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मी खण उपसला. चिठ्ठी सापडली. तिच्या पाठीवर माझ्याच अक्षरात एका गिऱ्हाइकाचं माप होतं: छाती 38, बाही 9.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजव्याला नंबर नाहीच म्हणा, डाव्याला अधिक चार आणि वर सिलिंडर. नंबर डोळ्याच्या लांबीतून, बुबुळाच्या बाकातून येतो, चष्म्यानं नाही. एका डोळ्याचं चित्र धूसर आलं की मेंदू हळूहळू त्याचं ऐकणं सोडतो. ‘आळशी डोळा’ म्हणतात त्याला. चांगला डोळा सगळं निभावून नेतो, म्हणून घरात पत्ता लागत नाही. उपचार सात वर्षांच्या आत झालेला बरा. माझ्या दोन वर्षांनी किती नुकसान केलं, हे मी विचारलं. त्यांनी आकडा दिला नाही. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाचं सांगितलं: 7 ते 12 वयाच्या ज्या मुलांनी चष्म्याबरोबर पट्टीचा उपचार घेतला, त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांची नजर सुधारली, नुसत्या चष्म्यानं चौथ्या हिश्शाची. मी तेवढंच घट्ट धरून बाहेर आलो.

जत्रेतला तयार चष्मा तिच्या कामाचा नव्हताच, त्यात दोन्ही काचांना एकच नंबर. मी नाजूक सोनेरी काडीची फ्रेम उचलली होती, पुन्हा तेच, दिसू नये म्हणून. दुकानदारानं ती बाजूला ठेवली. पोरांना हलकी प्लॅस्टिकची फ्रेम, न फुटणारी पॉलिकार्बोनेटची काच, बुबुळ काचेच्या मध्यावर यायला हवं. नाकावरून घसरली तर मूल वरूनच बघतं. रंग तिनं निवडला. जांभळा.

आता रोज संध्याकाळी दोन तास उजव्यावर पट्टी असते. ती माझ्या शेजारी गोधडीची मोठी सुई घेऊन बसते. दोरा कधी आत जातो, कधी बाजूनं. मी मशीन बंद ठेवतो.