पहाडगंजच्या बाजारात उबेचा डबा

नवी दिल्ली स्थानकाच्या एक नंबर फलाटावरून बाहेर पडले की समोरच पहाडगंज. मुगलांच्या काळात तटाबाहेरची ही धान्याची पेठ होती. आज मेन बाजारच्या अरुंद रस्त्यावर हॉटेलांच्या पाट्या, चामड्याच्या पिशव्या, चांदीचे दागिने आणि पाठीवर बोजे घेतलेले परदेशी प्रवासी यांची दाटी असते. मराठी माणसाला मात्र ही वस्ती परकी वाटत नाही. नूतन मराठी शाळा इथलीच, बृहन्महाराष्ट्र भवनही इथेच. हिमाचलकडे निघालेल्या मराठी कुटुंबांना मुक्कामासाठी हा भाग म्हणूनच सोयीचा वाटतो.

आमचाही मुक्काम इथेच होता. पुढच्या प्रवासाला दीड दिवस अवकाश होता. बाकीची मंडळी पिशव्यांचा भाव करत होती, तर आमच्यासोबत आलेले साताऱ्याकडचे एक सर्पमित्र वेगळीच यादी घेऊन बसले होते : थर्माकोलचा खोका, मत्स्यालयातला हीटर, तापमापक, झाकणाचे डबे. जुनी भिंत पाडताना किंवा खताचा ढीग उपसताना नागाची, धामणीची अंडी सापडतात. जागा मोडलेली असते, त्यामुळे ती परत तिथे ठेवता येत नाहीत. मग वनखात्याला कळवून ती उबवायची आणि पिल्ले निसर्गात सोडायची, हे त्यांचे काम.

‘‘तयार यंत्र परवडत नाही हो. घरीच जमवावे लागते,’’ ते म्हणाले.

खोका एका फळवाल्याने दिला, डबे मेन बाजारात मिळाले. मग स्थानकाला वळसा घालून आम्ही अजमेरी गेटकडे गेलो. तिथून चावडी बाजारच्या हार्डवेअरच्या गल्ल्या आणि पुढे वायर-प्लगसाठी चांदणी चौकातील भगीरथ पॅलेस. हीटर मत्स्यालयाच्या दुकानातून घेतला. सगळा खर्च दीड हजारांच्या आत बसला.

डबा असा जमतो

संध्याकाळी चहा घेताना त्यांनी कृती सांगितली. खोक्यात चार इंच पाणी भरायचे आणि त्यात हीटर पूर्ण बुडवून ठेवायचा. पाण्यात दोन विटा, विटांवर अंड्यांचा डबा. डब्यात ओलसर कोकोपीट. मुठीत दाबले तर पाण्याचा थेंब गळता कामा नये. हवेसाठी दोन-चार बारीक भोके पाडायची. खोक्याचे झाकण किंचित तिरपे ठेवायचे, म्हणजे वाफेचे पाणी अंड्यांवर न पडता कडेने ओघळते. तापमान पाण्याचे नव्हे, अंड्यांच्या डब्यातले पाहायचे. नाग-धामणीसाठी ते साधारण २८ ते ३० अंश ठेवतात. अंडी ठेवण्याआधी आठवडाभर रिकामा डबा चालवून पाहायचा. वीज गेली तरी पाणी बराच वेळ ऊब धरते. मात्र पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढलाच पाहिजे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट फुकटची आहे. कोंबडी आपली अंडी सारखी फिरवते. सापाच्या किंवा कासवाच्या अंड्यात मात्र गर्भ वरच्या बाजूला कवचालगत चिकटतो. अंडे उलटले तर तो मरू शकतो. म्हणून उचलण्याआधी वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करायची आणि ती बाजू अखेरपर्यंत वरच ठेवायची.

विजेवाचूनही ऊब

वेळासला तर विजेचीही गरज पडत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्याचे हे गाव नाना फडणविसांचे मूळ गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, २००२ मध्ये इथे सागरी कासवांच्या संरक्षणाला सुरुवात केली. माणसे आणि कोल्हे-कुत्री अंडी पळवत. ती अंडी उचलून, मूळ घरट्याएवढाच खड्डा खणून, जाळीच्या कुंपणात पुरली जाऊ लागली. सुमारे ४५ ते ६० दिवसांत पिल्ले वर येतात. उन्हाने तापलेली वाळू हाच इथला हीटर. वाळू अधिक उबदार असेल तर माद्या जास्त निपजतात, थंड असेल तर नर. एका-दोन अंशांचे महत्त्व एवढे आहे.

हे सारे वाचून एखाद्या घरातील मुले हौसेने अंडी गोळा करायला निघतील. त्यांना वेळीच थांबवायला हवे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येतच सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना इजा करणे आणि त्यांची घरटी विस्कटणे यांचा समावेश केला आहे. अंडी दिसली तर हात न लावता वनखात्याला किंवा त्यांच्याकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला कळवावे. मीटरच्या पेटीमागे पालीची दोन पांढरी अंडी दिसली, तर तीही तशीच राहू द्यावीत. त्यांना आपल्या मदतीची गरज नसते.

मुलांचे कुतूहल मारायचे नसेल तर साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात त्यांना वेळासला न्यावे. गावातल्याच घरी उतरावे, कोकणी जेवण जेवावे आणि सकाळ-संध्याकाळ किनारा गाठावा. त्या दिवशी पिल्ले निघतीलच, याची हमी कोणी देत नाही. म्हणून दोन दिवसांची सवड काढूनच जावे.