जरा मागे सरका

यंदा पगारातील फरकाचा एक जुना, रखडलेला हप्ता श्रावणात अवचित हाती पडला आणि घरातल्या प्रत्येकाला आपापली गरज आठवली. बायकोला पडदे आठवले, मुलीला सायकल आठवली, आईला गच्चीतून झिरपणारे पाणी आठवले. मला मात्र भिंगे आठवली. चष्म्याची नव्हेत, ती चाळिशीनंतर न मागता मिळतात. मी म्हणतो ती कॅमेऱ्याची.

मराठीच्या मास्तराला हा नाद कशाला, असे तुम्हांला वाटणे साहजिक आहे. आमच्या स्टाफरूममध्येही तसेच वाटते. 'फोन आहे ना खिशात?' असे मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकवले जाते. आहे, पण हातभर अंतरावरून फोनने माणसाचा चेहरा टिपला की नाक अंमळ पुढे येते आणि कान मागे पळतात. माझ्या नाकाला ही उभारी मुळीच परवडणारी नाही.

माझ्या कॅमेऱ्यावर आजवर २४ ते १०५ मिलिमीटरचे एक झूम होते. वजन पाऊण किलोच्या आसपास. कडे फिरवले की पलीकडच्या इमारतीवरचा कावळा हाताशी येतो, उलटे फिरवले की सगळी गल्ली चौकटीत मावते. सोय म्हणाल तर अशी दुसरी नाही. पण या सोयीने मला आळशी केले. गाईड हाती असले की विद्यार्थी जसा मूळ पुस्तक उघडत नाही, तसा मी जागचा हलत नसे. गेल्या वर्षभरातले फोटो एकदा चाळून पाहिले. कोणता फोटो किती मिलिमीटरवर काढला याची नोंद कॅमेरा स्वतःच ठेवतो. मोजता मोजता कंटाळलो, पण एक गोष्ट ध्यानात आली. बहुतेक फोटो कड्याच्या एका टोकाला तरी होते किंवा दुसऱ्या तरी. मधला सारा प्रदेश मी पैसे मोजून विकत घेतला होता आणि तिथे क्वचितच पाऊल टाकले होते.

म्हणून प्राइम लेन्स घ्यायचे ठरवले. प्राइम म्हणजे एकाच फोकल लेंग्थचे भिंग. त्याला जवळ-दूर करता येत नाही. ते काम आपल्या पायांनी करायचे. वर्गात मी वृत्ते शिकवतो तेव्हा मुले विचारतात की भुजंगप्रयाताची ती बारा अक्षरे मोजत बसण्यापेक्षा सरळ मुक्तछंदात का लिहू नये? मी त्यांना सांगतो की बारा अक्षरांत बसायचे ठरले की तेरावा शब्द खरोखर हवा होता का, हे कळते. प्राइम भिंगाचेही तसेच आहे. (हे उत्तर मुलांना पटत नाही, हे कबूल करतो.)

आता प्रश्न उरला तो कोणती भिंगे घ्यायची याचा. ३५, ५० आणि ८५ ही तीन नावे या व्यवहारात सत्यनारायणाच्या कथेतल्या नावांसारखी पुन्हा पुन्हा कानी येतात. त्यांचा अर्थ मला त्रैराशिकाने कळला, तो तुम्हांलाही सांगतो, कारण दुकानात तो कोणी सांगत नाही. फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर. म्हणजे ३५ चे भिंग लावून तुम्ही दहा फुटांवर उभे राहिलात तर तुम्हांला साधारण दहा फूट रुंदीचे दृश्य दिसणार. जितके लांब, तितके रुंद. ५० लावलेत तर त्याच जागेवरून सात फुटांहून थोडे अधिक, आणि ८५ लावलेत तर जेमतेम सव्वाचार. झाले शास्त्र! यापुढे आपल्या घराची लांबी-रुंदी तेवढी ठाऊक हवी.

ती ठाऊक नसल्याचा फटका मी पूर्वी खाल्लेला होता. माझा पहिला कॅमेरा लहान सेन्सरचा होता. सगळ्यांनी एकमुखाने सांगितले, ५० घे. स्वस्त असते, अंधारात चालते, मोठमोठ्यांनी वापरले आहे. सगळे खरे होते. १९२५ मध्ये लायका बाजारात आला तेव्हा ऑस्कर बार्नाकच्या त्या चिमुकल्या कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरचे एकच भिंग होते, तेही न निघणारे. कार्तिए-ब्रेसाँने आपली बरीचशी कारकीर्द ५० वर काढली. पण लहान सेन्सरची रुंदी जेमतेम २४ मिलिमीटर, त्यामुळे त्यावर ५० चे भिंग ७५ सारखे वागते, हे मला कोणी सांगितले नाही. डोंबिवलीच्या आमच्या हॉलमध्ये मुलीच्या वाढदिवसाला मी फ्रिजला पाठ लावून उभा राहिलो तरी केक आला की मुलगी येईना आणि मुलगी आली की आजी जाई. 'जरा मागे सरका, अजून जरा मागे' असे मी ओरडत होतो आणि पाहुणे एकेक करून बेडरूममध्ये शिरत होते. दोन वर्षांपूर्वी त्याच कंपनीचा जुना फुल फ्रेम कॅमेरा घेतला, त्यावर तेच भिंग चढवले आणि तेच घर एकदम ऐसपैस झाले! बिल्डरलाही हे साधले नसते.

'जरा मागे सरका' हे शब्द मात्र माझे नव्हेत. ते अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे. आम्ही गिरगावात चाळीत राहत असू. दहा बाय बाराची खोली, बाहेर गॅलरी. अण्णांजवळ याशिका इलेक्ट्रो ३५ होता, कुणाकडून तरी जुना घेतलेला. त्याचे भिंग ४५ मिलिमीटरचे, कायमचे बसवलेले. फिल्मच्या चौकटीचा कर्ण ४३ मिलिमीटर असतो; तेवढ्याच्या आसपासचे भिंग स्वाभाविक मानतात, तेव्हा हे तसे पाहता आदर्श भिंग. पण आमच्या खोलीपुढे आदर्शाचे काही चालत नसे. सगळे कुटुंब चौकटीत बसवायचे तर अण्णांना खोलीबाहेर जावे लागे. ते गॅलरीत कठड्याला टेकत आणि उघड्या दारातून आम्हांला टिपत. 'जरा मागे सरका, भिंतीला टेका. हलू नका, पिवळा दिवा लागलाय.' उजेड कमी पडला की त्या कॅमेऱ्यात पिवळा दिवा लागे आणि आम्ही सात माणसे श्वास रोखून धरत असू. छत्तीस फोटोंचा एक रोल गणपतीत घातला की संक्रांतीपर्यंत पुरवायचा. आमच्या घरच्या जवळजवळ प्रत्येक फोटोच्या कडेला दाराच्या चौकटीची एक काळपट पट्टी आहे. लहानपणी मला ती फोटोतली चूक वाटे.

अण्णा गेले २०११ मध्ये. दहाव्या दिवसापर्यंत आम्ही भिंतीवर लावायला फोटो शोधत होतो. चार आल्बम, दोन बुटांचे खोके भरून फोटो, आणि एकातही अण्णा नाहीत! जो घरच्यांचे फोटो काढतो तो घरच्या फोटोत नसतो, ही साधी गोष्ट आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात तोवर आली नव्हती. शेवटी चुलतबहिणीच्या लग्नातल्या एका ग्रुप फोटोतून त्यांचा चेहरा कापून मोठा करून घेतला. फोटो पुसट आहे. पण त्याहून मोठी अडचण ही की अण्णांच्या डाव्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे. कुणाचा, ते आम्हांला आजही सांगता येत नाही. हार घातला की तो झाकतो, एवढ्यासाठी आमच्या घरी त्या फोटोला बारमाही हार असतो.

हे सारे आठवायचे कारण ८५ चे भिंग.

माझा एक जुना विद्यार्थी लग्नाचे फोटो काढतो. मराठीत तो जेमतेम पास झाला होता, पण माणसांचे चेहरे त्याला माझ्यापेक्षा चांगले वाचता येतात. मी सल्ला विचारल्यावर तो म्हणाला, "सर, आधी पंच्याऐंशी घ्या. बाकीचं नंतर बघू." आणि घेण्यापूर्वी वापरून पाहा म्हणून त्याने आपली ८५ आणि ३५ ही दोन्ही भिंगे आठ दिवसांसाठी घरी आणून दिली. ८५ ची त्याने सांगितलेली महती खरी आहे. डोक्यापासून छातीपर्यंतचा फोटो घ्यायचा तर कॅमेरा उभा धरून ३५ ला दोन फुटांवर जावे लागते, ५० ला तीन, आणि ८५ ला पावणेपाच. चेहरा वेडावाकडा होतो तो भिंगामुळे नव्हे, फार जवळ गेल्यामुळे. पावणेपाच फुटांवरून नाक नाकाच्या जागी राहते, कान कानाच्या. आपण एरवी पाहुण्याशी बोलताना इतक्याच अंतरावर बसतो.

मी आईला म्हटले, "ये, खिडकीपाशी बस. तुझा एक चांगला फोटो काढतो."

ती आत गेली. इरकली नेसून, केस विंचरून आली. चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि शाळा-तपासणीला बसावे तशी ताठ बसली. मी छिद्र १.८ वर पूर्ण उघडले. इतक्या अंतरावर या भिंगाने जेमतेम तीन सेंटीमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. डोळे धारदार, कान विरलेले, आणि मागची जाळी, कुंड्या, दोरीवरचे टॉवेल हे सगळे सायीसारखे मऊ. एवढा सुरेख फोटो मी आयुष्यात काढला नव्हता. कौतुकाने मी तो तिला पडद्यावर दाखवला.

तिने चष्मा लावला. बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "छान आलाय. भिंतीवर लावायला बरा आहे."

मी काही बोललो नाही.

"अण्णांच्या शेजारी," ती म्हणाली. "निदान माझ्या खांद्यावर कुणाचा हात नाही." आणि इरकली बदलायला आत गेली.

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. सामानाची यादी तपासावी तसा स्वर होता. पण मी किती दिवस जे स्वतःशीही बोललो नव्हतो ते तिने पहिल्याच फोटोत ओळखले होते. ८५ चे भिंग मला कशासाठी हवे होते, हे पाहायला तिला चष्माच काय तो पुरला.

दुसऱ्या दिवशी मी ३५ लावले आणि काही न सांगता स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. आमचे स्वयंपाकघर सात बाय आठ. तिथे ८५ लावून आईचा फक्त अंबाडा दिसला असता. ३५ ने चार फुटांवरून चार फूट दिसतात: आईचे हात, कणकेची परात, शेगडीवरचे दूध, कोपऱ्यातला गेल्या गणपतीचा कालनिर्णय. इतक्या जवळ उभे राहिले की माणूस फोटोग्राफर राहत नाही, नुसता अडचण होतो. "सरक," "तो डबा दे," "दुधाकडे बघ" अशा आज्ञा सुटू लागल्या आणि पाच मिनिटांत आईला कॅमेऱ्याचा विसर पडला. निम्मे फोटो बिघडले. कुठे झारा आडवा आला, कुठे वाफेने भिंग धुरकटले. पण उरलेल्या निम्म्यांत आई होती. चष्मा नाकावर घसरलेली, गॅसवाल्याला नावे ठेवणारी.

उजेडाची बाजूही जमेची होती. माझ्या झूमचे तोंड ४ पेक्षा अधिक उघडत नाही. १.८ चे भिंग त्याच्या जवळजवळ पाचपट उजेड आत घेते. जिथे झूमला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो आणि हलता हात पुसून जातो, तिथे याला पंचाहत्तरावा भाग पुरतो. एका ट्यूबलाइटवर चालणाऱ्या घरांसाठी हा फरक फार मोठा आहे. वजन म्हणाल तर तीनशे ग्रॅमच्या आसपास. एका हातात कॅमेरा धरून दुसऱ्या हाताने डबा देता येतो.

नवव्या दिवशी मी विद्यार्थ्याला भिंगे परत करायला गेलो. "पंच्याऐंशी ना, सर?" त्याने विचारले. मी म्हटले, "पस्तीस." त्याने काही वेळ माझ्याकडे पाहिले. मराठीच्या पेपरात बहुधा मी त्याच्याकडे तसाच पाहत असेन. झूम त्यानेच गिऱ्हाईक पाहून विकून दिले. ३५ नवे घेतले. ५० जुने होतेच. प्रवासात, रस्त्यावर, जिथे मागे सरकायला जागा आहे तिथे त्याच्याइतके सरळ भिंग नाही. ८५ लागलेच कधी तर मागून आणीन. माझी सगळी मिळकत आता खांद्याला लावायच्या एका पिशवीत मावते. उरलेल्या पैशांत गच्चीच्या गळतीचे काम झाले. पडदे आणि सायकल पुढच्या हप्त्यावर.

इरकलीतला तो फोटो कॉम्प्युटरवर आहे. त्याची प्रत मी काढलेली नाही.

परवा करंज्यांचा घाट होता. आई पाऱ्या लाटीत होती, बायको सारण भरीत होती, मी दाराशी कॅमेरा घेऊन उभा होतो. "ते राहू दे आता," आई म्हणाली, "हात धू आणि कातण घे. कडा कापायला माणूस नाही." मी कॅमेरा मुलीच्या गळ्यात अडकवला आणि पाटावर बसलो. ती दारापर्यंत मागे गेली, चौकटीला टेकली, डोळा लावून पाहू लागली.

"बाबा, तुम्ही अर्धेच येताय. जरा पुढे सरका. आजीला चिकटून बसा."

मी सरकलो. पिठाचा हात आईच्या खांद्याला लागला.

"हात काढ," आई म्हणाली, "आणि कड नीट काप. तेलात सुटेल."